नवव्या मिनिटाला उठणारी माणसं

फोनवर दोन आकडे होते. वरचा ठळक, खालचा बारीक. मी वरचा वाचला आणि कचरूअण्णांना सांगून टाकलं की आपला पॉडकास्ट बाराशेच्या वर गेला.

अण्णा तेव्हा बुंदीसाठी बेसन चाळत होते. चाळणी थांबली. "बाराशे माणूस?"

"बाराशे माणूस," मी म्हणालो.

दुसऱ्या कुठल्या धंदेवाल्याला हा आकडा सांगितला असता तर त्यानं पेढे मागवले असते आणि विषय तिथंच मिटला असता. पण अण्णा परतूरचे आचारी. माणसांचा आकडा कानावर पडला की त्यांच्या डोक्यात आधी तांदूळ भिजत पडतो. पुढचा भाग रेकॉर्ड करताना शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि मला न विचारता जाहीर केलं की तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी, दुपारी, आपल्या सगळ्या ऐकणाऱ्यांना परतूरला, स्टेशनच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर जेवायचं आवतण आहे. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढं आणखी एक शब्द बोलले. "चूलबंद."

आमच्याकडं जेवायचं आवतण दोन प्रकारचं असतं. 'घरटी एक' असलं की घरातून एक माणूस जातो आणि बाकीचे घरी भाकरी खातात. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारे-कोतारे, लेकरंबाळं, घरी आलेला पाहुणा, सगळा कबिला जेवायला येणार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी हेडफोन लावून समोरच बसलो होतो, आणि त्या वाक्याला अंगठा वर करून 'भारी' अशी खूणही केली. घरी जाऊन भाग ॲपवर चढवला आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी नंदाकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या मालकिणीनं, मला साधा प्रश्न विचारला. बाराशे म्हणजे बाराशे माणसं, का बाराशे चुली? तेव्हा मी ते पान पहिल्यांदा नीट उघडून बघितलं. वरचा आकडा म्हणजे आपल्या भागाचं चित्र किती वेळा कुणाच्या ना कुणाच्या फोनवर दिसलं, तो. अंगठ्यानं वर सरकवून पुढं गेलेलेही त्यात आले. प्रत्यक्षात ऐकलं किती जणांनी, ते खाली बारीक अक्षरात होतं. एक्केचाळीस.

आता हा कचरूअण्णा कोण, ते सांगायला पाहिजे.

अण्णांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मायनं नाव कचरू ठेवलं, देवाची नजर पडू नये म्हणून. पॉडकास्ट सुरू करताना मी हळूच सुचवलं होतं की नाव जरा बदलू, काहीतरी ऐकायला बरं ठेवू. अण्णा म्हणाले, "ह्या नावावर देवाची नजर न्हाई पडली, तुझ्या गिऱ्हाइकाची पडली तर बघू." विषय संपला.

लहानपणी ते मंठ्याच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली डेगी घासायला राहिले. डेगी घासणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी वाढणाऱ्याला दिसत नाही, असं ते सांगतात: तळाला किती राहिलं. तिथून त्यांना अंदाजाचं वेड लागलं. पुढं स्वतःचा झारा हातात आला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. आपल्या पंगतीत कमी पडणार नाही आणि उरून खड्ड्यात जाणार नाही. शेवटचं वगराळंभर वरण शेवटच्या पत्रावळीवर पडलं पाहिजे. हे खरोखर प्रत्येक वेळी जमलं का, ते देवाला ठाऊक. पण तसं झालं नाही असं सांगणारा माणूस परतूर तालुक्यात मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर अण्णा त्याला परत जेवायला बोलावणार नाहीत.

गेल्या दोन वर्षांत धंदा पातळ झाला. नवीन जालन्याकडून टाय लावलेली पोरं येतात, उभ्यानं जेवायचे काउंटर मांडतात, एका कोपऱ्यात पाणीपुरी, एका कोपऱ्यात कसलं तरी चायनीज. मंगल कार्यालयवाले त्यांच्याशी आधीच बोलून ठेवतात. अण्णांची जाहिरात म्हणजे दरवर्षी छापलेलं एक कॅलेंडर. मी स्टेशन रोडवर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. त्यांचं कॅलेंडर माझ्याच कॉम्प्युटरवर तयार व्हायचं. एकदा सहज म्हणालो की अण्णा, तुमच्या पंगतींच्या गोष्टी लई भारी असतात, रेकॉर्ड करून टाकू. लोकं कामं करता करता ऐकतील, नाव डोक्यात राहील.

नंदाकाकूंना पटलं नाही. त्या म्हणाल्या, "कॅलेंडर खिळ्याला लटकतं. येता-जाता दिसतं. ह्यांचं बोलणं कुठं लटकणार?" शेवटी तोड निघाली की यंदा कॅलेंडर बंद, पॉडकास्ट चालू. लग्नसराईपर्यंत त्याचा काही गुण दिसला तर ठीक. न्हाई तर सोमेश्वरनं आपला माइक घेऊन जावा.

सोमेश्वर म्हणजे मी.

रेकॉर्डिंग सतरंज्यांच्या खोलीत व्हायचं. आधी डेगींच्या खोलीत करून बघितलं, तर अण्णांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. सतरंज्यांच्या गुंडाळ्यांमध्ये आवाज मऊ येतो. घर रुळालगत, म्हणून रेल्वेगाडी आली की थांबायचं, गेली की परत सुरू. माझी फी ठरली ती अशी की प्रत्येक भागामागं एक पोटभर जेवण, काकूंच्या हातचं. मी हो म्हणालो. अण्णांच्या घरचं जेवण ज्यानं खाल्लंय त्याला मी का हो म्हणालो ते समजेल.

खरी मजा आकडे बघताना सुरू झाली. धंदा करणाऱ्यानं आपल्या पॉडकास्टचा हिशोब कसा ठेवावा यावर इंटरनेटवर ढीगभर सल्ले आहेत. मी ते वाचून अण्णांना समजावायला बसलो. अण्णांनी ते सगळे ऐकून घेतले आणि मग आपल्या पद्धतीनं विचारायला लागले. जेवण चांगलं झालं असं लोकं तोंडावर म्हणतात त्याला अर्थ नसतो, पत्रावळ बघायची असते. दुसऱ्यांदा वाढून किती जणांनी घेतलं ते बघायचं असतं. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "दुसऱ्या वाढीला किती आले?" म्हणजे मागचा भाग ऐकून हाही ऐकणारे किती. तो आकडा खरोखर ॲपमध्ये असतो. मला तो माहीतच नव्हता. अण्णांनी मागितला म्हणून सापडला.

नकाशाही असतो. त्यात परतूर, मंठा, जालना, थोडं पुणं, आणि एक दिवस अमेरिकेतलं कुठलंसं गाव दिसलं. काकूंनी तेवढ्यात शेजारी जाऊन सांगितलं की ह्यांचं अमेरिकेत ऐकतात. मला मग सांगावं लागलं की तिथं माणूस नसतो, मशीन असतं, ते आपोआप उतरवून घेतं. अण्णांनी विचार केला. "मशीन जेवतं का?" म्हणाले. न्हाई, मी म्हणालो. "मंग सोड."

पण एक आलेख त्यांच्या जिव्हारी लागला. कुठल्या मिनिटाला किती जण ऐकत होते ते दाखवणारी एक रेघ असते. सुरुवातीला ती बरी सरळ जायची आणि नवव्या मिनिटाला धाडकन खाली यायची. दर भागाला. मी म्हणालो की अण्णा, इथं लोकं बंद करून टाकतात, सगळ्यांचंच होतं तसं.

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. आमच्याकडं पंगतीतून अर्ध्यात उठत नाहीत. एकाचं जेवण आटपलं तरी तो शेजाऱ्यासाठी थांबतो, मीठ चाटत बसतो, पण उठत नाही. अर्ध्यात उठणं म्हणजे एक तर यजमानाशी भांडण, न्हाई तर घरात कुणी गेल्याची बातमी. आणि इथं अण्णांच्या पंगतीतून निम्मी माणसं नवव्या मिनिटाला उठत होती.

"नावं दाखव," ते म्हणाले.

नावं दिसत नाहीत, मी म्हणालो.

"कोण उठलं ते दिसत न्हाई, तर कितीजण उठले तेवढं बघून काय करू?"

इंटरनेटवरच्या सल्ल्यांत याचं काही नव्हतं.

त्या दिवसापासून, फोनवर कुणाच्या जेवणाची सुपारी आली की अण्णा आधी विचारायचे, पॉडकास्ट ऐकून फोन केला का? आणि आमच्या भागातली माणसं इतकी सभ्य की प्रत्येक जण म्हणायचा, हो हो, ऐकतो ना, लई छान असतं. असं म्हणणाऱ्या एकाकडं तर बटणाचा फोन होता.

तर अशा माणसाला मला सांगायचं होतं की बाराशे नाहीत, एक्केचाळीस आहेत. मी एक दिवस टाळलं. मग काकू म्हणाल्या की तू सांगतो का मी सांगू, तेव्हा सांगितलं.

अण्णांनी विचारलं, ते बाराशे कोण होते? मी म्हणालो, चित्र बघून पुढं गेले. "म्हंजे मांडवाबाहेरून?" हो. "वास घेऊन?" तसंच म्हणा, मी म्हणालो. मी पुढं असंही सुचवलं की तो आवतणाचा भाग आत्ताच पुसून टाकतो, फार जणांनी ऐकला नसेल.

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी वरणात माशीच टाकली. "दिलेलं आवतण पुसत असत्यात का, सोमेश्वरा?"

मग आम्ही अंदाजाला बसलो. आयुष्यभर अण्णांनी दुसऱ्यांच्या पंगतीचा अंदाज दिला होता. अंदाज चुकला तरी अब्रू यजमानाची जाते आणि आचाऱ्याचं नाव निघतं. इथं दोन्ही एकाच माणसाचं जाणार होतं. कमी केलं आणि माणसं आली तर उपाशी जातील. जास्त केलं आणि न आली तर खड्डा. आणि ज्या आकड्यावर हे ठरवायचं तो आकडा माझ्या हातून आलेला. त्यामुळं त्या आठवड्यात मी दुकानात कमी आणि सतरंज्यांच्या खोलीत जास्त बसलो.

एक्केचाळीसमधून पुण्याचे काढले, एवढ्यासाठी कोण येणार. मशीन काढलं. राहिले त्यांना चूलबंदनं गुणलं. मग अण्णा म्हणाले की एका फोनवर एकच माणूस ऐकतो कशावरून? मी म्हणालो की कानात घालून ऐकतात. काकू म्हणाल्या की कानात घालून ऐकायला आपल्याकडच्या बायांना सासू नसते का, हाक मारली की ओ द्यावा लागतो. फोन चुलीपाशी उघडाच लावून ठेवतात. हे बराबर होतं. पण मग गुणायचं कितीनं?

शेवटी दीडशे पानांवर ठरलं. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, वरण-भात. वरण वाढवता येतं, बुंदी वाढवता येत नाही, म्हणून बुंदी हात राखून वाढायची, असं अण्णांनी स्वतःलाच बजावलं.

रविवारी पहाटेच चुलवण पेटलं. प्लॉटवर सतरंज्या अंथरल्या, पत्रावळींच्या थप्प्या लावल्या. दुपार व्हायच्या आत भाजीला तर्री आली, बुंदी पाकातून निघाली. अण्णांनी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. पंगतीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातलेले अण्णा मी पहिल्यांदाच बघत होतो. एरवी त्यांच्या अंगावर बंडी आणि खांद्यावर पंचा.

दुपार झाली. कुणी आलं नाही.

थोडा वेळ गेला. एक पॅसेंजर आली, गेली. तिच्यातून उतरून आमच्याकडं कुणी वळलं नाही. मी रस्त्याकडं बघत होतो, अण्णा मुद्दाम बघत नव्हते. पुऱ्या तळायचं थांबवलं, कणकेच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं. मला वाटायला लागलं की बारीक अक्षरातलाही आकडा खोटाच असेल, तेही सगळं मशीनच असेल, अमेरिकेतलं.

काकूंनी सुचवलं की स्टेशनवर हमाल आहेत, ऑटोवाले आहेत, बोलावून वाढू, अन्न कारणी लागेल. अण्णा नाही म्हणाले. "त्यांना उद्या वाढू, वेगळं करून वाढू. आज वाढलं तर ते खपवलं. जेवले असं न्हाई होत."

माझा फोन वाजला. पॉडकास्टवर संपर्काला नंबर माझाच दिला होता. पलीकडं कुणी चांगुणाबाई होत्या, वाटूरकडच्या एका गावच्या. त्यांनी अण्णांची तब्येत विचारली. बरी आहे, मी म्हणालो. आज भाग न्हाई आला का, म्हणाल्या. आज नसतो, मी म्हणालो. बरं, म्हणाल्या, आणि तरी फोन ठेवीनात. मग म्हणाल्या की आमच्या इकडं आज सगळ्यांनी कापूस वेचणीला सुट्टी दिली, बसलोय नुसते. मी म्हणालो, छान. त्यांनी फोन ठेवला. पाठोपाठ एका सलूनवाल्याचा मेसेज आला: अण्णा बरे आहेत ना? मग आणखी एक: सहज विचारलं, काही नाही.

मी हे हसत हसत काकूंना सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "आवतण दिलं तुम्ही. बोलावणं कुणी केलं?"

अण्णा उभे होते ते खाली बसले.

कारण आमच्याकडं आवतण मिळालं म्हणून कुणी उठून जेवायला जात नाही. स्वयंपाक झाला की यजमानाच्या घरचं माणूस पुन्हा दारोदार जातं, "चला, पानं वाढली" म्हणून. ते बोलावणं आलं की निघायचं. बोलावण्याआधी जो जाऊन बसतो त्याला हपापलेला म्हणतात आणि त्याच्या नातवंडापर्यंत ते पुरतं. म्हणून माणसं अंघोळी करून, चुली बंद ठेवून, पोरांना नवे कपडे घालून आपापल्या ओट्यावर बसली होती. 'कव्हा यायचं' असं विचारणंही शोभत नाही, म्हणून तब्येत विचारत होती.

आणि अण्णांनी आयुष्यात हजार पंगती उठवल्या, पण बोलावणं करणं आचाऱ्याचं काम नाही. ते यजमानाचं. अण्णा यजमान पहिल्यांदाच झाले होते.

"आता दारोदार कोण जाणार?" ते म्हणाले. "दारं तर तुला बी ठाऊक न्हाईत."

मी फोन काढला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. सतरंज्यांची खोली नको, माइक नको. इथंच बोला, म्हणालो.

अण्णांनी सदऱ्याची बाही उगाच खाली ओढली. मागं चुलवणात लाकूड फुटत होतं, मालगाडी यार्डात घुसत होती. एरवी मी थांबलो असतो. ते म्हणाले, "मी परतूरहून कचरू बोलून राह्यलो. स्वयंपाक झाला. पानं वाढून ठेवलीत. चला समदे, उशीर नका करू. तुम्ही आल्याबगर आम्ही बसत न्हाई." एवढंच. आजवरचा सगळ्यात छोटा भाग. मी तो तिथंच उभा राहून चढवला.

मग मी बारीक आकड्याकडं बघत बसलो. एक. तीन. बराच वेळ तीनच. मग सात. अण्णा विचारत होते किती झाले, आणि मी यावेळी आकडा दोनदा वाचून सांगत होतो. अकरा म्हणालो तेव्हा त्यांनी सदरा काढून कडेच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवला, पंचा खांद्यावर टाकला आणि तेलाखाली जाळ सरकवला.

पहिला आला तो सलूनवाला, धर्मराज. दुकानातल्या बाकावर बसलेली गिऱ्हाइकं बरोबर घेऊन. त्याच्या दुकानात दाढी होईपर्यंत अण्णांचाच भाग लावलेला असतो. म्हणजे फोन एक आणि कान बाकभर. त्यांच्यातल्या एकाची दाढी अर्धीच झालेली होती. मग मोटरसायकली. मग जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या ऑफिसातली एक मुलगी, आकांक्षा, आई-वडिलांना घेऊन. आणि मग कापसाच्या वाहतुकीचा एक टेम्पो आला, त्यातून बाया उतरल्या, उतरतच राहिल्या. पुढं चांगुणाबाई. केसांना, लुगड्याला कापसाचे तंतू लागलेले, टेम्पोतलेच असणार. वेचणीला जाताना ह्या बाया एकच फोन ओटीत बांधतात आणि सगळी रांग ऐकत पुढं सरकते. माझ्या ॲपमध्ये ती अख्खी रांग म्हणजे 'एक'.

चांगुणाबाईंनी अण्णांना वरून खाली बघितलं. "आवाजावरून मला वाटलं व्हतं, दांडगा माणूस असल," म्हणाल्या आणि जाऊन सतरंजीवर बसल्या.

पंगत बसली. अण्णा वाढत होते, मी वाढत होतो, काकू पुऱ्या तळत होत्या. अण्णा वाढता वाढता प्रत्येकाजवळ वाकून हळूच एकच विचारत होते, नवव्या मिनिटाला तुम्ही उठता का? सगळे नाही म्हणाले. सगळे शेवटपर्यंत ऐकत होते. दोन-दोनदा ऐकत होते. अर्धी दाढीवाला तर म्हणाला की तीनदा.

अण्णा कढईपाशी परत आले तेव्हा काकूंनी झाऱ्यातून तेल निथळत म्हटलं, "मी उठते."

अण्णांना वाटलं कढईपासून उठते.

"नवव्या मिनिटाला. तिथं दर बारीला तुमची भोकरदनच्या लग्नाची गोष्ट सुरू होते. दुप्पट माणूस आला आन् तुम्ही कसं निभावलं. तीस वर्षं ऐकून राह्यले. तेवढ्यात मी भांडी घासून घेते."

पॉडकास्ट ऐकत नाही असं काकूंनी मला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. पुढची पुरी अण्णांनी स्वतः लाटून काकूंच्या कढईत सोडली. हे काम ते पंगतीच्या गर्दीत कधी करत नाहीत.

दुसरी पंगत उठली. वरण वाढवलं होतं, भाजीची डेग वाकडी करायला लागत होती, बुंदी परातीच्या कडेला आली होती. काकू आणि अण्णा एकाच पत्रावळीवर बसले, यजमान शेवटी बसतो म्हणून. माझी पत्रावळ काकूंनी वेगळी वाढली. तळातलं काढून, बरोबर एकाचं. अण्णा दोन घास खाऊन शेजारच्या डेगीत वाकून बघत होते, आणि तळ बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही आलेखात बघितलेलं नाही. कमी नाही, जास्त नाही. मी पुरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. तीर्थपुरीचे एक शिंपी, केशवराव. ते एकटेच आले होते. बायको माहेरी, म्हणाले. मशीनवर बसून ऐकतात. बोलावण्याचा भाग त्यांनी ऐकला तेव्हाच निघाले, पण तीर्थपुरी काही दाराशी नाही. हेल्मेट हातात धरून ते प्लॉटच्या तोंडाशी उभे राहिले आणि मोकळ्या सतरंज्या बघून म्हणाले की काही न्हाई, सहज आल्तो, अण्णांना बघायला.

अण्णा डेगीकडं बघत नव्हते. त्यांना माहीत होतं तिथं काय आहे. ते माझ्याकडं बघत होते. माझ्या हातातल्या पुरीच्या तुकड्याकडं.

मी तुकडा परत पुरीला जोडल्यासारखा ठेवला, उठलो आणि म्हणालो, या, तुमचंच पान वाढून ठेवलंय.

केशवराव जेवले. शेवटची बुंदी त्यांनी बोटानं टिपून खाल्ली. निघताना भाचीच्या लग्नाची तारीख सांगून गेले. त्याआधी चांगुणाबाईंच्या दिराच्या घरचं एक जेवण ठरलं होतं. दोनच सुपाऱ्या, नवीन जालन्याच्या टायवाल्यांना याचा पत्ताही लागणार नाही. पण काकूंनी त्या दोन्ही पॉडकास्टचा गुण म्हणून मान्य केल्या, कॅलेंडर मात्र छापायचंच ठरवलं आणि त्याच्या खाली पॉडकास्टचा पत्ता टाकायला मला सांगितलं. माइक सतरंज्यांच्या खोलीतच राहिला.

अण्णांचा हिशोबही सुधारलाय. आता फोनवर कुणी म्हणालं की पॉडकास्ट ऐकून फोन केला, तर ते विचारतात, "नवव्या मिनिटाला काय सांगतो मी?" खोटं बोलणारा तिथंच गळतो.

भोकरदनचं लग्न त्यांनी काढून टाकलं. पुढच्या भागात त्या जागी ही पंगत सांगितली, सगळी, बोलावणं राहिलं त्यासकट. शेवटी म्हणाले, "आलेला हरेक माणूस जेवला. एक बी उपाशी गेला न्हाई." हे म्हणताना ते सतरंज्यांच्या गुंडाळ्यांकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मी ते वाक्य कापू शकलो असतो. ठेवलं. नवव्या मिनिटाला यावेळी रेघ जवळजवळ सरळ गेली; थोडीशी उतरली, ते काकूंना विचारलं तर म्हणाल्या, मी तिथंच व्हते, मला काय सांगतेत.

त्या रविवारी मी स्टेशनसमोर वडापाव खाल्ला. प्रत्येक भागामागचं माझं जेवण मला ठरल्याप्रमाणं मिळतं, त्यात खोट नाही. पण त्या दिवशीच्या पानाचं काढलं की अण्णा कपाळाला आठ्या घालून विचारतात, "कोणतं पान?" कारण ते दिलं तर त्या दिवशी एक कमी पडलं होतं असं होतं. मी म्हणतो, अण्णा, मी जेवलो न्हाई. ते म्हणतात, तू वाढपी, वाढप्याला मोजत न्हाईत.

ते पान अजून बाकी आहे.